आधी सांग, मग खोल

१

गोपाल वानखडेच्या गॅरेजचं शटर रोज सकाळी एका शिवीनेच उघडायचं. शटर कुरकुरायचं म्हणून नव्हे. ते वर गेलं की रस्त्याच्या पलीकडे देवमनचं गॅरेज दिसायचं, म्हणून. देवमनकडे तोवर गाड्यांची रांग लागलेली असायची. गोपाल अगरबत्ती लावायचा, बजरंगबलीसमोर डोळे मिटायचा, पण एक डोळा काही केल्या पुरता मिटत नसे. कोणाची गाडी आली, कोणाची गेली, सगळं त्याला दिसायचं.

आडपडदा न ठेवता सांगतो, गोपाल जळायचा. बायको चांगली, लेकरं गुणी, हाताला काम, जठारपेठेत स्वतःची जागा. तरी जळायचा.

दोघे एकाच उस्तादाचे चेले. नत्थुजी उस्ताद. त्यांचा कान अख्ख्या अकोल्यात प्रसिद्ध होता. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, ते इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून आतली खोट सांगायचे. शिकवायची रीतही त्यांची न्यारी. चेल्याला आधी पाना हातात घेऊच द्यायचे नाहीत. पेचकस कानाला लावायचा, ऐकायचं आणि खोटेचं नाव मोठ्याने घ्यायचं. "आधी सांग, मंग खोल," हे त्यांचं एकच वाक्य. नाव चुकलं की उस्ताद जिभेने आवाज करायचे, च्यक. बरोबर आलं की बोटाच्या पेरांनी टाकीवर दोनदा ठोकायचे, टक टक. शाबासकी म्हणा, काही म्हणा, एवढीच.

देवमनला ती टकटक कितीदा मिळाली याला सुमार नाही. गोपालला एकदाही नाही. त्याचं नाव बरोबर आलं तरी उस्ताद नुसतं "हं" म्हणायचे आणि बिडी शोधायचे. एवढा मोठा माणूस झाला गोपाल, पण ते "हं" आठवलं की अजून तो हातातला पाना आदळून ठेवायचा.

उस्ताद गेले तेही काम करताना. पेचकस कानाला होता, डोळे मिटलेले होते, देवमन ॲक्सिलेटर देत होता. बराच वेळ उस्ताद काही बोलेनात म्हणून देवमनने खांद्याला हात लावला. इंजिन सुरू होतं आणि उस्ताद बंद झाले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेरवीच्या दिवशी गोदाबाईंनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोने, सगळ्यांसमोर तो पेचकस देवमनच्या हातात ठेवला. वरून उस्तादांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकलही त्यालाच. गोपालच्या पानातला लाडू पानातच राहिला.

२

नवरात्रातली अष्टमी होती. गोपाल चहा पीत बसला होता आणि समोरून देवमन तीच मोटरसायकल ढकलत रस्ता ओलांडून आला. असं आजवर घडलं नव्हतं.

"गोपाल, एक खेप पाह्य ना हिले."

"काहून? बंद पडली?"

"बंद नाही पडत. मिसिंग मारते. मधातच एखादा ठोका खाते."

"मंग? तू त उस्ताद हायेस आता. मले काय इचारतं?"

देवमनने टोमणा अंगावर घेतलाच नाही. गोपालने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस पार वाळला होता. शर्ट गळ्याशी सैल पडला होता, आणि हिवरखेडच्या मातीत कुस्त्या खेळलेला हा गडी गाडी एवढी ढकलून धापा टाकत होता.

"प्लग बदलला, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर त किती बार धुतला काय सांगू. धारणीच्या घाटात नेऊन पाह्यली, भर उन्हात पाह्यली. नाही सापडून राह्यलं बावा. हरलो मी."

हरलो मी! गोपालच्या छातीत असा गारवा पसरला की चहा हातातच थंड झाला. ओळीतल्या बाकी मेकॅनिकांनी हे ऐकलं असतं तर किती बरं झालं असतं, एवढीच चुटपुट लागली.

"ठेवून दे," तो म्हणाला. "पाहून घेतो."

देवमनने काखेतलं फडकं काढून सीटवर ठेवलं. फडक्यात उस्तादांचा पेचकस होता.

"हेबी राहू दे तुह्यापाशी. पन एक आयक. पेचकस लावून नको आयकू. अन् उद्या खंडेनवमी हाय. उद्या त हातच नको लावू. दसरा होऊ दे, मंग पाह्य."

"पेचकस देतं अन् लावू नको म्हनतं?"

देवमनने पेचकसावरचं फडकं आणखी घट्ट गुंडाळलं. मग तो परत गेला. रस्त्याच्या मधोमध थांबून त्याने एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवल्याचं गोपालने पाहिलं. गोपालला वाटलं, ढोंगी आहे लेकाचा. उस्तादाची काहीतरी युक्ती या पेचकसात आहे आणि ती मला कळू नये म्हणून हे सगळं चाललंय.

३

ऊन उतरायच्या आत गोपालने गाडी स्टँडवर घेतली. प्लग काढला, विटकरी रंगाचा, कोरडा, अगदी शाळेत दाखवावा असा. किक मारून ठिणगी पाहिली, निळी आणि जाड. पॉइंटची फट बरोबर. पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब नाही. तारेला कुठे चीर नाही. सायलेन्सरही मोकळा. गाडीत खोटच नव्हती.

त्याने गाडी सुरू केली. टू-स्ट्रोकचा तो तडतडणारा आवाज गॅरेजभर भरला. चांगली चालली, चालली, आणि मधेच एक ठोका गायब. पुन्हा चालली. पुन्हा एक गायब.

आता इंजिन चुकतं तेही रीतीने चुकतं, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. गरम झालं की चुकेल, चढावर चुकेल, ॲक्सिलेटर दिल्यावर चुकेल. हिचं तसं नव्हतं. गोपाल लांब उभा असला की ही बिनबोभाट चालायची. तो जवळ वाकला, मनात एखादा अंदाज बांधला, की एक ठोका जायचा.

"मनाचे खेळ," असं तो स्वतःलाच म्हणाला आणि फडक्यातून पेचकस काढला. लाकडी मूठ उस्तादांच्या कानाला घासून घासून गुळगुळीत झाली होती. टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. आत पिस्टन धावत होता, एकसारखा, निरोगी. गोपालने जुन्या सवयीने, अगदी नकळत, नाव घेतलं.

"कॉइल."

ठोका चुकला. आणि त्या रिकाम्या जागेत, मुठीच्या आतून, स्पष्ट आवाज आला. च्यक.

गोपालने मूठ कानावरून झटकली. मग त्याचं त्यालाच हसू आलं. रिंग सैल असेल. पिस्टन आत आपटत असेल. असले आवाज त्याने हजार ऐकले होते. त्याने तिथल्या तिथे हेड खोललं, सिलिंडर काढला. रिंगा घट्ट बसलेल्या, पिस्टनवर एक ओरखडाही नाही. पुन्हा सगळं जोडलं, गाडी सुरू केली, पेचकस लावला.

"रिंग," तो हळूच म्हणाला.

च्यक.

शटर त्याने घाईघाईने ओढलं. पण खरं सांगू, भीती थोडी होती आणि राग जास्त. मेल्यावरही मलाच च्यक! देवमनने विचारलं असेल तेव्हा ह्याच इंजिनाने टकटक दिली असेल. नक्की दिली असेल.

४

खंडेनवमीला जठारपेठेतली ती ओळ ओळखू येत नाही. सकाळीच सगळी हत्यारं डिझेलने धुवायची, पुसायची, लाल कापडावर मांडायची. पाने, पकडी, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, खोबऱ्याचा तुकडा. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आपट्याचं सोनं वाहीपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. का, ते कोणी विचारत नाही. उस्ताद म्हणायचे, "त्याइलेबी एक दिवस पडू द्या गप." त्या दिवशी गिऱ्हाईक रडत आलं तरी उस्ताद साधा प्लगसुद्धा काढत नसत.

गोपालची बायको प्रणाली ताट घेऊन आली होती. तिने मांडामांड केली आणि उस्तादांचा पेचकस सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"हे कोनाचं? आपलं त नाही दिसत."

"उस्तादाचं हाय. देवमननं देलं."

"देवमनभाऊनं? असं कसं देलं?" तिने मुठीला कुंकू लावलं आणि बोट लगेच मागे घेतलं. "अहो, गरम लागून राह्यलं हे."

"उन्हात होतं."

पेचकस उन्हात नव्हता. रात्रभर कपाटात होता. गोपालने मूठ चाचपून पाहिली नाही.

घरी जेवण झालं. पुरण होतं, पण त्याला चव लागेना. डोक्यात तेच चाललं होतं, कॉइल नाही, रिंग नाही, मग काय? दुपारी प्रणाली लवंडली तसा तो चपला घालून निघाला. शटरचं कुलूप नीट लागलं की नाही ते पाहून येतो, असं त्याने स्वतःलाच सांगितलं.

ओळ अशी शांत त्याने कधी पाहिली नव्हती. सगळी शटरं बंद, दारावर झेंडूच्या माळा, रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. देवमनच्या गॅरेजला आतून कडी होती की बाहेरून कुलूप, ते इथून कळत नव्हतं. गोपालने स्वतःचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेला आणि पुन्हा खाली ओढलं. फटीतून येणाऱ्या उजेडाची एक पट्टी नेमकी लाल कापडावर पडली होती. इतर हत्यारांवरची फुलं होती तशी होती. पेचकसावरचं फूल तेवढं बाजूला पडलं होतं.

उंदीर असेल, त्याने ठरवलं. मग खाली वाकून त्याने पेचकस उचलला. कुंकू तळव्याला लागलं.

५

बंद गॅरेजात आवाज किती मोठा होतो! गाडी सुरू झाली तशी भिंतीवरचे टायरसुद्धा थरथरू लागले. धूर कोंडायला लागला. गोपालने पेचकस टेकवला, मूठ कानाला दाबली आणि डोळे मिटले. लहान असताना उस्तादांसमोर उभा राहायचा तसाच.

"कंडेन्सर."

च्यक.

"पॉइंट."

च्यक.

"ऑइल सील. सीलमधून हवा घेऊन राह्यलं."

च्यक.

गोपाल एकेक नाव घेत गेला. जेट, मॅग्नेट, पेट्रोलचा कॉक, सायलेन्सर. दर नावाला एक ठोका जायचा आणि त्या रिकाम्या जागेत ती जीभ वाजायची. नावं संपत आली तशी त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. तो बोलायचा थांबला की ठोके चुकायचे नाहीत, पण इंजिनामागे एक दुसराच आवाज ऐकू यायचा. अगदी बारीक. कोणीतरी नाकाने श्वास घेतंय, तसा. पेचकसाच्या त्या टोकालाही एक कान होता आणि तो गोपालला ऐकत होता.

हे थांबवावं, गाडी बंद करावी, घरी जावं, पुरणपोळी खाऊन झोपावं, हे सगळं त्याच्या मनात आलं बरं का. अक्कल नव्हती असं नाही. पण त्याच वेळी त्याला देवमन दिसला. उस्तादांच्या शेजारी उभा, तोंडावर ते भोळं हसू, आणि टाकीवर ती पेरं. टक टक.

"काय पायजे तुमाले?" तो ओरडला. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, की रडू होतं, त्यालाच ठाऊक. "देवमनले सगळं देलं. पेचकस देला, गाडी देली, कान देला. मले काय देलं? नुसतं हं! नुसतं हं! गाडीत खोट नाही. मी सांगतो, नाहीच! मंग कोठी हाय? माह्यात हाय? माह्यातच खोट हाय, असं म्हना ना एकडाव!"

ठोका चुकला. या वेळी जीभ वाजली नाही.

टक टक.

टाकीवर नाही. मुठीतही नाही. गोपालच्या डाव्या बरगडीखाली, आतून. पेरांनी ठोकावं तसं, हलक्या हाताने, मायेने.

इंजिन तडतडत होतं, एकसारखं, सुरेख, एकही ठोका न खाता. गोपालने कितीतरी वेळ कान लावला, तो श्वास पुन्हा ऐकू आला नाही. आत आता नुसतं इंजिन होतं. शटरच्या फटीपाशी, उजेडाच्या पट्टीत, कोणाचे तरी दोन पाय बाहेर उभे असल्यासारखे दिसले. गोपाल पुढे सरकला तेव्हा तिथे फक्त ऊन होतं.

६

दसऱ्याच्या सकाळी देवमन सोनं घेऊन आला. आपट्याची पानं गोपालच्या हातात ठेवली, गळाभेट घेतली आणि मागे सरकताना एकदम थबकला. गोपालच्या छातीला त्याची छाती लागली होती ना.

"गाडी काय म्हनते?" त्याने हळूच विचारलं.

"झाली. कंडेन्सर होता." गोपालने किक मारून दाखवली. गाडी सुंदर चालली.

देवमनने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "कंडेन्सर नव्हता, गोपाल. तू नवमीले उचललं न थे? काय नाव सांगतलं त्याले?"

"कोनाले?"

"आपल्यातच खोट हाय, हे उत्तर मले ठाऊक होतं. पह्यल्याच दिशी सुचलं होतं. उस्तादबी असंच कायतरी बोलले होते, जाच्या आधी, पुटपुटले होते. म्हनून मी थे तोंडातून नाही काढलं. घरात ठेववत नव्हतं म्हनून तुह्यापाशी देलं, पन आयकू नको म्हनलो होतो ना मी!" त्याने गोपालचा दंड धरला. "चाल, डॉक्टरकडं चाल. आत्ता चाल, दसरा गेला चुलीत."

प्रणाली ताट घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने ताट खाली ठेवलं आणि काही न विचारता सरळ गोपालच्या छातीला कान लावला. थोडा वेळ ती तशीच राहिली, मग तिने मान वर केली आणि तिच्या ओठांना रंग नव्हता.

"अहो, मधात थांबून राह्यलं हे. थांबते, अन् मंग पुन्हा... अहो, चाला ना. देवमनभाऊ, रिक्षा आना."

देवमन रिक्षासाठी धावला. कालपर्यंत धापा टाकणारा देवमन असा धावला की पाहत राहावं. आणि गोपाल? त्याला घाबरायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट सलत होती, की देवमनला उत्तर आधी ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी! म्हणजे इथेही तो पुढेच. मग त्याच्या लक्षात आलं, ठाऊक होतं, पण बोलला नाही ना. बोललो मी. आणि टकटक मला मिळाली. म्हणून पळतोय लेकाचा. डॉक्टर यांत्रिक काहीतरी बसवणार, औषध देणार, ठोका सारखा करणार. माझी रिकामी जागाच बुजवून टाकणार. त्याला तेच हवंय.

"रिक्षा आली, बसा," प्रणाली त्याला ओढत होती. ती रडत होती. "लेकरायकडं पाहा. चाला."

तिने पुन्हा त्याच्या छातीवर हात ठेवला. गोपालने तो हात बाजूला केला, जरा जोरातच, आणि आपला तळवा तिथे दाबून धरला. तळव्याला कालचं कुंकू अजून होतं.

"तू नको आयकू," तो म्हणाला. "थे माह्यं हाय."

रस्त्यावर रिक्षा फुरफुरत उभी होती. देवमन आतून हाका मारत होता. कुठेतरी पोरं आपट्याची पानं उधळत ओरडत होती. गोपाल गॅरेजच्या उंबऱ्यावर टेकला आणि त्याने डोळे मिटले, उस्ताद मिटायचे तसे.

एक ठोका चुकला. पुढचा आलाच नाही. गोपालने श्वास धरला आणि मोठ्या हौसेने वाट पाहू लागला.